पुड्यावरचा एक रुपया: तो देतो कोण, आणि त्याचा हिशेब कोणाकडे मागायचा?

सांजवात

मार्च महिन्याचे वाणसामान भरताना मी धुण्याच्या पावडरीचा एक किलोचा पुडा घेतला. फळीवर दोन कंपन्यांचे पुडे शेजारी शेजारी होते आणि दोघांच्या किमतीत आठ रुपयांचा फरक होता. एरवी मी स्वस्त पुडा उचलला असता, परंतु महाग पुड्यावर लाल रिबिनी बांधलेल्या, गणवेश घातलेल्या एका मुलीचे छायाचित्र होते. त्याखाली हिंदीत ठळक अक्षरांत असा मजकूर होता की, आपण घेतलेल्या प्रत्येक पुड्यामागे एक रुपया ग्रामीण मुलींच्या शिक्षणासाठी दिला जाईल. मी एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले आहे. दहावीच्या आधी शाळेतून काढून घेतलेल्या कितीतरी मुलींची नावे मला आजही हजेरीपटाच्या क्रमाने आठवतात. त्यामुळे माझा हात त्या पुड्याकडे गेला, आणि तो तसाच जावा याच हेतूने ते छायाचित्र तिथे छापलेले होते, हे आज मला स्पष्ट दिसते.

घरी पावडर डब्यात ओतल्यानंतर रिकामा पुडा टाकण्यापूर्वी मी तो कापून सपाट केला. मागच्या बाजूला अगदी तळाशी, जिथे प्लास्टिक चिकटवून दुमडलेले असते तिथे, इंग्रजीत दोन ओळी होत्या. चष्म्याने वाचता येईनात, म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठ्या करून वाचल्या. योजना ३१ मार्चपर्यंतच आहे. या योजनेत कंपनी एकूण जास्तीत जास्त २५ लाख रुपये देईल. आणि ही रक्कम कंपनी ठरवेल त्या 'शैक्षणिक उपक्रमांसाठी' वापरली जाईल, असा त्यांचा आशय होता. कोणत्याही संस्थेचे, शाळेचे, तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे नाव त्यात नव्हते.

मी कागद घेऊन आकडे मांडले. एका पुड्याला एक रुपया या दराने २५ लाख रुपये म्हणजे २५ लाख पुडे. ही पावडर देशभर विकली जाते, तेव्हा तेवढे पुडे मी खरेदी केली त्या दिवसापूर्वीच विकले गेले असतील, तर माझ्या पुड्यामागे एक पैसाही कोणत्याच मुलीला मिळालेला नाही. तो मिळाला असे धरले, तरी मी आठ रुपये जास्त मोजले आणि त्यांतला एक रुपया मुलींकडे गेला. उरलेले सात रुपये मी कशासाठी दिले, याचे उत्तर मला सापडत नाही. शिवाय जो एक रुपया गेला तो माझ्या खिशातून गेला, आणि देणारा म्हणून नाव मात्र कंपनीचे लागले.

आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाची मुले वर्गणी मागायला येतात, तेव्हा त्यांच्या हातात छापील अनुक्रमांकाचे पावतीपुस्तक असते. महाराष्ट्रात वर्गणी गोळा करण्यापूर्वी मंडळाला सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि उत्सव आटोपला की हिशेबही द्यावा लागतो. एकशे एक रुपयांच्या वर्गणीसाठी विशीतल्या मुलांकडून आपण जी शिस्त मागतो, ती लाखो घरांत पोचणाऱ्या पुड्याकडून का मागू नये, हा माझा प्रश्न आहे. या व्यवहाराची आतली बाजू या चर्चामंचावरील ज्या सदस्यांना ठाऊक असेल त्यांनी ती सविस्तर लिहावी, अशी विनंती आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण असे पुडे अनेक आहेत.

भुसार आणि किराणा

ताई, मी तालुक्याच्या गावात किराणा दुकान चालवतो. अशा योजना आमच्याकडे कशा येतात ते सांगतो. डिस्ट्रीब्युटरचा सेल्समन येतो, नवीन पुड्याची पेटी दाखवतो, दुकानात टांगायला एक डँगलर आणि काउंटरला चिकटवायला एक पोस्टर देतो. त्याच भेटीत तो दुकानदारासाठी वेगळी स्कीम सांगतो, म्हणजे अमुक पेट्या उचलल्या तर इतके पुडे वर मिळतील. महिनाअखेर असेल तर त्याचे टार्गेट पुरे व्हायचे असते, म्हणून तो दोन पेट्या जास्तच टाकून जातो. मुलींच्या शिक्षणाबद्दल तो एक वाक्य बोलतो आणि उरलेली सगळी चर्चा मार्जिनची होते. यात त्याचा दोष नाही, कारण त्याला पगार माल उचलला जाण्याचाच मिळतो.

माझ्या सव्वीस वर्षांच्या धंद्यात, तुमच्या गल्ल्यावरून या योजनेचे किती पुडे गिऱ्हाइकाच्या हातात गेले, असे मला कोणीही विचारलेले नाही. कंपनीचे बिल डिस्ट्रीब्युटरवर फाटते आणि कंपनीच्या दृष्टीने तीच पहिली विक्री असते. पुड्यावर मात्र 'आपण घेतलेल्या प्रत्येक पुड्यामागे' असे लिहिलेले असते. जिच्या हातात पुडा आहे तिला वाटते की आपण आत्ता पैसे मोजले आणि आत्ता एक रुपया निघाला. वास्तविक तो रुपया निघायचा असेल तर आधीच निघालेला असतो, आणि निघणार नसेल तर तिच्या खरेदीने काही बदलत नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. आज जून उजाडला आहे आणि तुम्ही लिहिले आहे तसलाच मजकूर असलेले अकरा पुडे माझ्या फळीवर शिल्लक आहेत. पावडर खराब होत नाही, त्यामुळे कंपनी ते परत घेत नाही. योजना ३१ मार्चला संपली, पण ती मुलगी पुड्यावरून अजून बघतेच आहे आणि गिऱ्हाईक तिच्याकडे बघून पुडा उचलते आहे. हे मला बरे वाटत नाही.

शून्यशेष

मी बारा वर्षे ग्राहकोपयोगी वस्तूंच्या विपणनात काम केले आहे, त्यामुळे या धाग्यावर दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकन एक्स्प्रेस या कंपनीचे आहे. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी निधी हवा होता. तेव्हा कार्डाच्या प्रत्येक वापरामागे एक सेंट आणि प्रत्येक नव्या कार्डामागे एक डॉलर देण्याचे या कंपनीने जाहीर केले. त्यातून सुमारे १७ लाख डॉलर पुतळ्याला मिळाले आणि त्याच काळात कार्डांचा वापरही ठळकपणे वाढला. पुतळ्याला पैसे मिळाले, कंपनीचा धंदा वाढला आणि कार्डधारकाला समाधान लाभले. यात फसवणूक झाली असे कोणी म्हणू शकत नाही, कारण दर आधीच सांगितला होता, काम कोणते ते सांगितले होते आणि पुतळा सर्वांच्या डोळ्यांसमोर उभा होता.

कमाल मर्यादेबद्दलही बोलले पाहिजे. कोणताही वित्त विभाग अमर्याद देणग्यांना मंजुरी देत नाही. वर्षाच्या सुरुवातीला ब्रँडच्या अंदाजपत्रकात एक रक्कम बाजूला काढली जाते आणि तिलाच पुड्याच्या संख्येने भागून 'एक रुपया' हा आकडा तयार केला जातो. म्हणजे आधी एकूण रक्कम ठरते आणि मग दर पुड्याचा दर काढला जातो. ग्राहकाला मात्र ते उलट क्रमाने सांगितले जाते, कारण 'कंपनीने २५ लाख रुपये ठेवले आहेत' या वाक्याने कोणी पुडा उचलत नाही आणि 'तुमच्यामुळे एक रुपया' या वाक्याने उचलतो. हे लिहिताना मला जाणवते की माझ्या युक्तिवादाचा कच्चा दुवा इथेच आहे. तरीही योजना नसती तर ते २५ लाख रुपये दूरचित्रवाणीच्या जाहिरातींत खर्च झाले असते आणि कोणत्याही शाळेला त्यातले काहीच मिळाले नसते, हे विसरू नये.

खतावणी

शून्यशेष यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणून त्यांच्याच मुद्द्याला धरून मी हिशेबाची बाजू मांडतो. मी सनदी लेखापाल आहे.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, त्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करायची असते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे आणि शिक्षण हा विषय कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्पष्टपणे दिलेला आहे. देशभर पावडर विकणारी कंपनी या मर्यादेत येणार, हे उघड आहे. म्हणजे सांजवात यांनी तो पुडा घेतला असता किंवा नसता, कंपनीला सामाजिक कार्यावर तेवढा खर्च करावाच लागणार होता. मग पुड्यावरचा रुपया या बंधनकारक २ टक्क्यांतला आहे की त्याहून वरचा, हा पहिला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मी आजवर कोणत्याही पुड्यावर छापलेले पाहिलेले नाही.

तो २ टक्क्यांतला असेल, तर कायद्याने जे देणे आहे ते ग्राहकाच्या उपकाराच्या रूपात ग्राहकालाच विकले गेले, असे म्हणावे लागेल. शिवाय नियमांचाही प्रश्न उभा राहतो, कारण जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार वस्तू वा सेवांच्या विपणनाचा लाभ मिळवण्यासाठी प्रायोजकत्वाच्या स्वरूपात केलेला खर्च या २ टक्क्यांत धरता येत नाही. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे, जाहिराती अशा एकवेळच्या कार्यक्रमांवरचा खर्च त्यात बसत नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ च्या परिपत्रकातच सांगितले होते.

करांची बाजू वाचकांना सहसा माहीत नसते. सामाजिक कार्यावरचा हा बंधनकारक खर्च, म्हणजेच सामाजिक दायित्वाचा खर्च, धंद्याचा खर्च म्हणून उत्पन्नातून वजा करता येणार नाही, असे स्पष्टीकरण २०१४ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्याच्या कलम ३७ मध्ये घातले. जाहिरातीचा खर्च मात्र धंद्याचा खर्च म्हणून वजा होतो. त्यामुळे मुलीला दिलेल्या रुपयापेक्षा त्या रुपयाची जाहिरात करण्यावर खर्च झालेला रुपया कंपनीला कराच्या दृष्टीने अधिक सोयीचा पडतो. आणि सांजवात यांनी तोच रुपया एखाद्या नोंदणीकृत विश्वस्त संस्थेला थेट दिला असता, तर त्याची पावती त्यांच्या नावाने झाली असती. इथे पावती कोणाच्या नावाने झाली, हे त्यांना कळण्याचा मार्गच नाही.

तळाच्या इंग्रजी ओळींबद्दलही सांगायला हवे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार जाहिरातीतील खुलासा ज्या भाषेत दावा केला आहे त्याच भाषेत असला पाहिजे, अक्षराचे वळणही तेच असले पाहिजे आणि वेष्टणावर दावा असेल तर खुलासा शक्यतो त्याच बाजूला असला पाहिजे. पुढे हिंदीत दावा आणि मागे दुमडीत इंग्रजी खुलासा, ही रचना या सूचनांना धरून आहे असे मला वाटत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते.

पैलतीर

मी अमेरिकेत राहते. सात वर्षांपूर्वी माझ्यावर स्तनांच्या कर्करोगाचे उपचार झाले, त्यामुळे या विषयाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही, हे आधीच सांगते.

इथे ऑक्टोबर हा स्तनांच्या कर्करोगाविषयी जागृतीचा महिना मानतात आणि गुलाबी फीत ही त्याची खूण आहे, त्यामुळे तो लागला की दुकाने गुलाबी होतात. उपचारांच्या काळात प्रेमाने भेटायला येणाऱ्यांनी मला गुलाबी फितीचे पेन, किल्ल्यांची साखळी, पाण्याची बाटली आणि पायमोजे आणून दिले. माझ्या टेबलाचा एक खण या वस्तूंनी भरलेला आहे. किमोथेरपीच्या दोन आवर्तनांच्या मधल्या आठवड्यात मी त्यातली एकेक वस्तू काढून तिच्या मागचा मजकूर वाचत बसले होते. काहींवर रक्कम होती, काहींवर केवळ 'जागृतीसाठी' असा शब्द होता, आणि पायमोज्यांवर फितीच्या चित्राशिवाय काहीच नव्हते. ते चित्र कोणालाही छापता येते, हे मला त्या दिवशी समजले.

ही फीत मुळात गुलाबी नव्हती. १९९० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातल्या शार्लट हेली या बाईंनी आपल्या जेवणाच्या टेबलावर बसून पीचच्या रंगाच्या फिती तयार केल्या होत्या. त्यांच्या घरात आजी, बहीण आणि मुलगी या तिघींना हा आजार झाला होता. पाच फितींच्या प्रत्येक संचासोबत त्या एक कार्ड देत असत, आणि राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या अंदाजपत्रकातील केवळ ५ टक्के रक्कम प्रतिबंधावर खर्च होते, याकडे कायदेमंडळाचे लक्ष वेधा, असे त्यावर लिहिलेले होते. १९९२ मध्ये एक मासिक आणि एक सौंदर्यप्रसाधन कंपनी त्यांच्याकडे ही फीत मागायला गेली, तेव्हा हा प्रकार फार व्यापारी होईल असे सांगून त्यांनी नकार दिला. मग रंग बदलण्यात आला आणि गुलाबी फीत बाजारात आली. सरकारला जाब विचारणारे कार्ड मागे राहिले. मला या सगळ्या कथेत सर्वाधिक दुःख याचेच होते.

सांजवातताईंनी लिहिलेल्या कमाल मर्यादेचे उदाहरण जॉर्जिया राज्यात घडून गेले आहे. १९९९ च्या सुमारास योप्ले या दह्याच्या जमा केलेल्या प्रत्येक झाकणामागे स्तनकर्करोगाच्या कामासाठी ५० सेंट देण्याची योजना होती. लोकांनी सुमारे ९४ लाख झाकणे जमवली, म्हणजे त्या दराने ४७ लाख डॉलर व्हायला हवे होते, परंतु कंपनीने स्वतःवर घालून घेतलेली मर्यादा १ लाख डॉलरची होती आणि ती झाकण उघडल्यावर दिसेल अशा जागी छापलेली होती. राज्याच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने आक्षेप घेतल्यावर कंपनीला आणखी ६३ हजार डॉलर द्यावे लागले.

२०१० मध्ये केएफसीने तळलेल्या कोंबडीच्या गुलाबी बादल्या विकल्या आणि प्रत्येक बादलीमागे ५० सेंट स्तनकर्करोगाच्या एका मोठ्या संस्थेला देण्याचे जाहीर केले. संस्थेला ४२ लाख डॉलर मिळाले, ही रक्कम लहान नाही. मात्र ही देणगी उपाहारगृहांचे चालक रिकाम्या बादल्या विकत घेतानाच देऊन मोकळे झाले होते, आणि ग्राहकाच्या खरेदीमुळे एकूण देणगीत थेट वाढ होणार नाही, असे योजनेच्या खुलाशातच लिहिलेले होते. भुसार आणि किराणा यांनी आपल्या फळीवरून जे सांगितले तेच इथे कंपनीने स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवले होते, हे वाचून मी थक्क झाले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या 'ब्रेस्ट कॅन्सर अ‍ॅक्शन' या संस्थेने २००२ मध्ये 'गुलाबी घेण्यापूर्वी विचार करा' अशी मोहीम सुरू केली. किती पैसे जातात, कोणाला जातात, मर्यादा किती आहे आणि ही वस्तू स्वतःच आजाराला हातभार लावते का, असे प्रश्न तिने विचारायला शिकवले. शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या संस्थेच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये अमेरिकेत योप्ले बनवणाऱ्या कंपनीने गायींना कृत्रिम वाढ-संप्रेरक टोचून मिळवलेले दूध वापरणे बंद केले. माझ्या दृष्टीने ते कोणत्याही झाकणापेक्षा मोठे दान होते.

रोजकीर्द

मी एका लहान विश्वस्त संस्थेचे हिशेब लिहितो. संस्था आदिवासी मुलींचे वसतिगृह चालवते. पैसे घेणाऱ्याची बाजू इथे आलेली नाही, म्हणून लिहितो.

चार वर्षांपूर्वी एका कंपनीने आपल्या वस्तूच्या विक्रीशी जोडलेली मदत आम्हाला दिली. त्या पैशांतून स्वच्छतागृहांचे सहा गाळे आणि पाण्याची टाकी झाली. त्यापूर्वी मुली पहाटे अंधारात ओढ्यावर जात असत. त्यामुळे अशा मदतीला मी सरसकट वाईट म्हणणार नाही, आणि कोणी म्हटले तर मला ते सहा गाळे आठवतील.

पण करारात काय होते तेही सांगतो. आमच्या संस्थेचे नाव आणि बोधचिन्ह कंपनीला अठरा महिने वापरता येणार होते. कार्यक्रमाच्या दिवशी मुलींनी वस्तू हातात धरून छायाचित्रे काढू द्यायची होती. कंपनीविषयी जाहीरपणे प्रतिकूल बोलायचे नाही, असे एक कलम होते. कार्यक्रमासाठी मांडव, ध्वनिवर्धक, पाहुण्यांच्या गाड्या आणि चित्रीकरण यांवर कंपनीने किती खर्च केला हे मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी अंगणात उभ्या असलेल्या गाड्या मी मोजल्या होत्या आणि त्या चौदा होत्या. धनादेश सात महिन्यांनी आला. तोपर्यंत गवंड्याचे पैसे आम्ही उसने काढून दिले.

एका मुलीने छायाचित्रासाठी पुडा हातात धरायला नकार दिला होता. तिला रागे भरू नका, असे आमच्या बाईंनी सांगितले आणि तिला स्वयंपाकघरात पाठवले. ती आता परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. तिला तेव्हा काय वाटले असेल, हे मी तिला कधीच विचारले नाही.

संस्थेने किती पैसे मिळाले ते जाहीर करावे, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल. आम्ही दरवर्षी हिशेब धर्मादाय कार्यालयात दाखल करतो आणि ज्याला पाहायचा आहे त्याला पाहता येतो. कंपनीने किती पुडे विकले हे मात्र आम्हालाही कोणी सांगितले नाही. आम्हाला मिळालेली रक्कम बरोबर आहे की कमी, हे पडताळण्याचे कोणतेच साधन आमच्या हातात नव्हते.

निळीशाई

दुकानातल्या पुड्यांसोबत मोबाइलवरच्या खरेदीकडेही लक्ष द्यावे. तिकीट किंवा किराणा मागवताना शेवटच्या पानावर एक-दोन रुपयांची देणगी आधीच खूण करून ठेवलेली असते आणि घाईत ती कापली जाते. केंद्रीय प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी १३ फसव्या रचनांची यादी जाहीर केली. ग्राहकाच्या संमतीविना शेवटच्या टप्प्यावर देणगी जोडणे हा प्रकार त्यात स्पष्टपणे आहे. देणगी नाकारणाऱ्याला लाज वाटेल अशा शब्दांचे बटण ठेवणे हाही प्रकार तिथे उदाहरणासह दिलेला आहे.

इंद्रायणीकाठ

रोजकीर्द यांचे लिहिणे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो.

लहान रकमा गोळा करून मोठे काम उभे करणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी घराघरांतून मूठ मूठ धान्य बाजूला काढले जाई. माझी आजी दळणाला बसण्यापूर्वी ती मूठ वेगळ्या गाडग्यात टाकत असे, आणि हे धान्य कोणत्या मुलांच्या पोटात जाणार आहे हे तिला माहीत होते. त्या मुठीसोबत तिला दुसरे काही विकत घ्यावे लागत नव्हते. पुड्यावरच्या रुपयात आणि त्या मुठीत मला जाणवणारा फरक हाच आहे.

शून्यशेष

रोजकीर्द यांनी सांगितलेले प्रतिकूल न बोलण्याचे कलम मी स्वतः एका करारात घातलेले आहे. तेव्हा ती नेहमीची कायदेशीर खबरदारी वाटली होती. आज तसे वाटत नाही.

माझा आधीचा मुद्दा मी पूर्णपणे मागे घेत नाही, पण त्यात दुरुस्ती करतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९२ च्या धर्मादाय कायद्यानुसार संस्थेचे नाव वापरून वस्तू विकणाऱ्या व्यापाऱ्याला संस्थेशी लेखी करार करावा लागतो, आणि संस्थेला किती रक्कम मिळणार हे ग्राहकाला विक्रीच्या वेळीच सांगावे लागते. तिथले ब्रँड या नियमामुळे बुडालेले नाहीत. आपल्याकडे पुड्याच्या दर्शनी बाजूला, दाव्याच्या लगेच खाली, त्याच भाषेत संस्थेचे नाव, एकूण रक्कम आणि शेवटची तारीख छापायला किती जागा लागेल, याचा मी अंदाज घेतला. एका ओळीत बसते. विपणन विभाग ती ओळ मागे टाकतो, कारण ती पुढे आली तर मुलीचे छायाचित्र लहान करावे लागते.

खतावणी

त्या ओळीत आणखी तीन शब्द वाढवावेत: 'बंधनकारक २ टक्क्यांव्यतिरिक्त'. जी कंपनी हे लिहू शकेल तिची वस्तू मी आनंदाने घेईन.

सांजवात

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात मी जे केले ते नोंदवते.

पुड्यावरच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर मी मराठीत इमेल पाठवला आणि तीनच गोष्टी विचारल्या: एकूण किती रक्कम दिली, कोणाला दिली, आणि २५ लाखांची मर्यादा कोणत्या तारखेला पूर्ण झाली. नऊ दिवसांनी इंग्रजीत उत्तर आले. माझ्या भावनेबद्दल आभार मानून त्यांनी कळवले की, ही रक्कम कंपनीच्याच प्रतिष्ठानाकडे वर्ग करण्यात आली असून तपशील वार्षिक अहवालात पाहावा. तारखेच्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

खतावणी यांनी व्यक्तिगत निरोपातून सांगितल्याप्रमाणे मी कंपनीच्या संकेतस्थळावरून मागील वर्षाचा अहवाल उतरवला. योजना जानेवारीत सुरू झाली होती, त्यामुळे तिचा तपशील पुढच्या अहवालात येईल, हे मला मान्य आहे. परंतु अशीच योजना त्यांनी आदल्या वर्षीही राबवली होती आणि तिचा जुना पुडा माझ्या भाचीच्या घरी रद्दीत सापडला. म्हणून मी त्या वर्षीच्या सामाजिक दायित्वाच्या परिशिष्टातील शिक्षणाच्या सर्व नोंदी एकेक करून वाचल्या. प्रतिष्ठानाला दिलेली रक्कम तिथे आहे, जिल्ह्यांची नावे आहेत, पण पुड्यांच्या विक्रीतून आलेली रक्कम म्हणून वेगळी ओळ कुठेही नाही. माझ्या भाचीचा रुपया त्या बेरजेत आहे की नाही, हे अहवाल वाचून कोणालाही सांगता येणार नाही.

काल मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. मराठीत बोलता आले. पलीकडच्या मुलीने पुड्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे पाठवायला सांगितली आणि तक्रारीचा क्रमांक दिला. पुडा सपाट करून मी पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये लावला आहे, सोबत त्यांचे उत्तर आणि अहवालाची ती चार पाने आहेत. काही उत्तर आले की इथे लिहीन.

रोजकीर्द, आपल्या वसतिगृहाचा पत्ता मला कळवाल का? मला वह्यांचे पैसे पाठवायचे आहेत आणि पावती हवी आहे.

भुसार आणि किराणा

ताई, तक्रारीला माझ्या दुकानाचा दाखला लागला तर सांगा. राहिलेल्या अकरा पुड्यांचे डिस्ट्रीब्युटरचे बिलही माझ्याकडे आहे. त्यावर एप्रिलची तारीख आहे, म्हणजे योजना संपल्यानंतरही तो माल मला योजनेचाच म्हणून घातला गेला.

ते पुडे मी आज सकाळी उलटे करून, मागची बाजू पुढे येईल असे फळीवर लावले. दोन गिऱ्हाइकांनी कारण विचारले, म्हणून तळाची ओळ कुठे आहे ते बोट ठेवून दाखवले.